सतरा नंबरची तक्रार

पलंगावरून पाय खाली टेकवताना सासूबाई रोज सकाळी घर दणाणेल अशा आवाजात म्हणत, "आई आई गं, मेले!" मग कपाटाचा कोपरा धरून उभ्या राहत, चार पावलं टाकत, पुन्हा एकदा "मेले" म्हणत आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारत, "चहा झाला का गं?" कप हातात आला की गुडघ्यांचा विषय संपे. त्यानंतर दिवसभर त्या कपडे वाळत घालत, झाडांना पाणी घालत, कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी हुज्जत घालायला दोन जिने उतरून जात. सुनेने अकरा वर्षं हा क्रम पाहिला होता. "मेले" ऐकू आलं की ती गॅस पेटवायची.

त्या सोमवारी मात्र घरात पाहुणी होती. सासूबाईंची थोरली लेक आठवडाभर राहायला आली होती. पहिल्याच सकाळी ती केस मोकळे सोडलेले तशीच धावत बाहेर आली.

"अगं, आई ओरडतेय आणि तू चहा काय गाळत बसलीस?"

"वन्सं, दोन मिनिटं थांबा."

"दोन मिनिटांत माणूस जातं!"

"चहाआधी त्या रोजच जातात. चहानंतर असं म्हणाल्या तर मी चपला न घालता डॉक्टरांकडे पळेन."

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. लेकीचा पांढराफटक चेहरा बघून म्हणाल्या, "तुला काय झालं गं? झोप लागली नाही का?" वर्तमानपत्रामागे सुनेचा नवरा हसत होता. ते वर्तमानपत्राच्या थरथरीवरून कळत होतं.

सून काय काम करते हे सासूबाईंनी शेजाऱ्यांना आपल्या परीने सांगून ठेवलं होतं. "ती ड्रायव्हर लिहिते," एवढंच. त्यात चूक काही नव्हती. संगणकाच्या पोटात तळहाताएवढी एक हिरवी पट्टी असते, नेटवर्क कार्ड. बाहेरच्या जगाची ये-जा तिच्यातून होते. त्या पट्टीशी कसं बोलायचं, तिने काही सांगितलं तर त्याचं काय करायचं, हे संगणकाला शिकवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. सून पंधरा वर्षं एकाच कार्डाचा ड्रायव्हर सांभाळत होती. कचेरीत सगळे तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा. खरं तर साहेब तिच्याहून सहा वर्षांनी मोठे होते.

कचेरीत पाय ठेवताच साहेबांनी एक पत्र तिच्यापुढे सरकवलं. एका सार्वजनिक वाचनालयाने ताईच्या कंपनीची कार्डं बसवलेले बावीस संगणक घेतले होते. रोज सकाळी चालू केले की पडद्यावर लाल अक्षरांत ओळ येते: गंभीर दोष, कार्डच्या मेमरीत चूक. शुक्रवारी वाचनालयाच्या समितीची बैठक आहे. तोपर्यंत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर बावीसही यंत्रं परत पाठवली जातील आणि संगणकाची खोली बंद होईल. खाली ग्रंथपालबाईंची सही होती, लहान, सरळ आणि न थरथरता केलेली.

"यंत्रं चालतात ना?" ताईने विचारलं.

"व्यवस्थित. तोच तर वैताग आहे. काही बिघडत नाही आणि बोंब मात्र रोज." साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, ती ओळच काढून टाका. संदेश नाही, तक्रार नाही. एका ओळीचं काम. बुधवारपर्यंत."

"आधी तो का येतो ते बघते."

"बघा की. पण बुधवारपर्यंत."

चाचणीच्या खोलीत वकील बसलेला होता. तो वकील नव्हता. प्रत्येक कार्ड बाहेर पडण्याआधी तपासायचं काम त्याचं, पण वाद घालण्याच्या सवयीने हे नाव त्याला चिकटलं होतं. त्याच्या बाकावर चोवीस संगणक एका ओळीत गुणगुणत होते. मधोमध एक पाटी लटकत होती: सातशे बारा दिवस अखंड चालू. आकडा तो रोज सकाळी खडूने बदलायचा.

"चार हजार वेळा रिस्टार्ट केलंय मी," वकील म्हणाला. "हा संदेश एकदाही नाही. तेव्हा दोष कार्डात नाही, वाचनालयात आहे. निकाल लागला."

"बावीसच्या बावीस यंत्रांवर येतोय."

"मग बावीस वेळा वाचनालयात आहे."

मंगळवारी ती वाचनालयात गेली. जुन्या पोस्टाशेजारी बैठी इमारत, दारात छत्र्यांसाठी लोखंडी टोपली, आत कागदाचा आणि फरशी पुसल्याचा वास. संगणकाची खोली मागच्या बाजूला होती. तिथे निवृत्त माणसं परगावची वर्तमानपत्रं वाचत होती, दोन मुली परीक्षेचा अभ्यास करत होत्या, आणि एक सुतार कानामागे पेन्सिल खोवून कपाटांची मोठमोठी रेखाचित्रं बघत होता. ग्रंथपालबाई आवाज न करता चालत. डिसेंबरअखेर त्या निवृत्त होणार होत्या. ही खोली व्हावी म्हणून सात वर्षं त्यांनी समितीपुढे अर्ज केले होते.

"अध्यक्षांना यंत्रं नकोच होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता त्यांना लाल अक्षरांत कारण मिळालं. रोज सकाळी मी दार उघडते आणि बावीस पडदे मला सांगतात की तू चूक केलीस."

आणि मग त्यांनी खणातून एक वही काढून ताईच्या हातात ठेवली.

ताईने पंधरा वर्षांत शेकडो तक्रारी वाचल्या होत्या. बहुतेकांत एवढंच असे: चालत नाही, ताबडतोब बघा. ही वही वेगळी होती. पट्टीने आखलेले रकाने, तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, काय दिसलं, आधी काय केलं होतं. सव्वादोन महिन्यांची एकही नोंद गाळलेली नव्हती. ताई खुर्चीत बसली आणि गोष्टीचं पुस्तक वाचावं तशी वाचत गेली.

"सकाळी ९. सर्व बावीस. संदेश आला."

"सकाळी ९. सर्व बावीस. वायरमनने क्र. ४ चे कार्ड काढून पितळी टोके खोडरबराने घासली. पुन्हा बसवले. संदेश पुन्हा आला."

"क्र. ४, क्र. ९, क्र. ११ घासली. संदेश पुन्हा आला. खोडरबर संपले. नवे आणले."

ताईला हसू आवरेना. "किती वेळा घासलं?"

"एकेचाळीस," कोपऱ्यातून आवाज आला. वायरमन शिडीवर बसून ट्यूबलाइट बदलत होता. "माझ्या पोराने शाळेत एवढं खोडलं नसेल."

"आणि घासताना यंत्र बंद करत होता?"

"मग काय, चालू ठेवून शॉक खाऊ? मेन स्विच पाडायचा, कार्ड काढायचं, चहा प्यायचा, परत लावायचं."

ताईने पान उलटलं आणि तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "दुपारी ३:१०. वीज गेली, लगेच आली. सर्व यंत्रे आपोआप पुन्हा सुरू. संदेश कुठेही आला नाही." खाली दुसऱ्या तारखेची ओळ होती: "दुपारी वीज गेली. चाळीस मिनिटांनी आली. सर्व बावीस. संदेश आला."

"बाई," तिने विचारलं, "संध्याकाळी तुम्ही यंत्रं कशी बंद करता?"

"पडद्यावरून बंद करते आणि जाताना मेन स्विच पाडते. इमारतीचा नियमच आहे. आगीची भीती."

ताईच्या डोळ्यांपुढे वकिलाची पाटी आली. सातशे बारा दिवस अखंड चालू. तिला उठून लगेच पळावंसं वाटलं, पण वही संपली नव्हती आणि काही अर्धवट वाचायची तिला सवय नव्हती. त्याचंच चीज झालं. शेवटच्या पानांवर तीन नोंदी होत्या, वेळ सकाळी नऊची नसलेल्या. ११:४०, ११:२५, १२:०५. तिन्ही वेळा यंत्र आधीपासून चालू होतं. तिन्ही वेळा क्रमांक सतरा. तिन्ही वेळा शेवटच्या रकान्यात एकच शब्द: सुतार.

तिने वही सोबत न्यायला मागितली. ग्रंथपालबाईंनी ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिली आणि नेल्याची तिच्याकडून सहीही घेतली.

"प्लग काढ," बुधवारी सकाळी ताई वकिलाला म्हणाली.

"कशाचा?"

"एकाचा. कुठल्याही. दहा मिनिटं."

वकिलाने छातीवर हात ठेवला. "सातशे चौदा दिवस झालेत आज! तुला काही दयामाया?"

"तू चार हजार वेळा रिस्टार्ट केलंस, पण वीज एकदाही तोडली नाहीस. तुझ्या कार्डांना दोन वर्षांत झोपच नाही. मग झोपेतून उठल्यावर ती काय म्हणतात ते तुला कुठून कळणार?"

वकील वाकला आणि त्याने एक प्लग काढला. दहा मिनिटं दोघांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढली. प्लग लावला. पडदा उजळला, अक्षरं धावली आणि चौथ्या सेकंदाला लाल ओळ आली: गंभीर दोष, कार्डच्या मेमरीत चूक.

"अरे देवा," वकील म्हणाला. मग त्याने ओल्या फडक्याने पाटी पुसली, शून्य लिहिलं आणि उरलेले तेवीस प्लग एकापाठोपाठ एक उपटले. हरला की पूर्ण हरायचं, अशी त्याची रीत होती. लाल ओळ चोवीसही पडद्यांवर आली.

कारण ताईला वाटेतच उमगलं होतं. कार्डाची स्वतःची छोटी मेमरी असते. तिच्यातल्या प्रत्येक आकड्याशेजारी पडताळणीची एक खूण असते. वीज क्षणभर गेली तर दोन्ही टिकतात, पण बराच वेळ गेली की दोन्ही पुसली जातात आणि परत आली की दोन्हीकडे वाटेल ते उमटतं. आकडा आणि खूण जुळणार कसे? कार्ड प्रामाणिकपणे सांगतं की जुळत नाही. पुढच्याच क्षणी ड्रायव्हर ती सगळी मेमरी नव्याने लिहून काढतो आणि तक्रारीत काही उरत नाही. पण तोवर लाल ओळ पडद्यावर गेलेली असते. ती ओळ पंधरा वर्षांपूर्वी ताईनेच लिहिली होती, अशाच कधी बंद न होणाऱ्या यंत्रांच्या शेजारी बसून.

"म्हणजे निरुपद्रवी आहे," साहेब खूश झाले. "मी काय म्हणत होतो? काढून टाका ओळ."

"बावीसपैकी एकवीस निरुपद्रवी आहेत. सतरा नंबर खरं बोलतोय." तिने वही उघडून दाखवली. "मेमरी लिहून झाल्यावर अडीच-तीन तासांनी तक्रार करतोय. सुतार इंटरनेटवरून मोठी चित्रं उघडतो, कार्ड तापतं आणि मेमरी चुकते. ओळ काढली तर हेही कळणार नाही. एखाद दिवशी कुणाचं तरी पान चुकीचं उमटेल आणि कुणाला पत्ता नसेल."

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "पण ताई, समितीला एक कार्ड खराब आहे म्हणून सांगितलं, तर ते बावीसही परत करतील. त्या बाईंचं नुकसान, आपलंही. एक कार्ड गुपचूप बदलून टाका की."

हे मात्र तिला बोचलं, कारण त्यात तथ्य होतं. दुपारभर ती ड्रायव्हरच्या त्या भागासमोर बसून होती. शेवटी तिने अकरा ओळी लिहिल्या. कार्ड जागं होताना तक्रारीचं दार लावून घ्यायचं. मेमरी पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहायची. दारात साठलेल्या जुन्या तक्रारी पुसायच्या. मग दार उघडायचं आणि त्यानंतर जे ऐकू येईल ते यंत्राच्या क्रमांकासह मोठ्याने सांगायचं. वकिलाने संध्याकाळपर्यंत चाळीस वेळा प्लग काढले आणि घातले. चोवीस पडदे गप्प होते. मग त्याने एका कार्डात मुद्दाम चूक पेरली, तेव्हा ते एकटंच बोललं.

"आता माझा निकाल," वकील म्हणाला. "बरोबर आहे."

गुरुवारी सकाळी "मेले!" ऐकू आलं, तेव्हा आतल्या खोलीतून वन्संचा झोपाळू आवाज आला, "आई, चहा होतोय." आणि त्या कूस बदलून पुन्हा झोपल्या. सुनेने डबा भरला आणि ती वाचनालयात गेली. बावीसही यंत्रांवर नवा ड्रायव्हर चढवायला चार तास लागले.

ग्रंथपालबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "नेमकं काय झालं होतं?"

ताईने बाहेरच्या कपाटांकडे बोट केलं. "समजा कपाटं रिकामी आहेत, वर जुनी चिटोरी चिकटलेली आहेत आणि तुम्ही पुस्तकं लावायच्या आधीच मोजणी केलीत. काय होईल?"

"एकही नोंद जुळणार नाही." बाईंना हसू फुटलं. "आणि अध्यक्ष म्हणतील, चोरी झाली."

"तेच. मोजणी आधी होत होती. आता पुस्तकं लावून झाल्यावर होईल."

"आणि सतरा?"

"सतराचं एक पुस्तक खरंच हरवतं. नवं कार्ड माझ्या पिशवीत आहे. आत्ता बदलते, किंवा उद्या समितीपुढे दाखवते आणि मग बदलते. तुम्ही म्हणाल तसं."

बाईंनी खिडकीची कडी उगाच लावली आणि उघडली. "सव्वादोन महिने मी खरं तेच लिहिलं," त्या शेवटी म्हणाल्या. "आता शेवटच्या पानावर लपवाछपवी नको. दाखवा."

शुक्रवारी समिती संगणकाच्या खोलीतच बसली. अध्यक्ष निवृत्त औषधविक्रेते होते. कुठलाही कागद उजेडाकडे धरून वाचायची त्यांना सवय होती. नऊ वाजता वायरमनने मेन स्विच चढवला. बावीस पडदे उजळले, अक्षरं धावली, थांबली. लाल काही आलं नाही.

"गप्प केलंत," अध्यक्ष ताईला म्हणाले. "गप्प करणं आणि बरं करणं यात फरक असतो, बाई. मी चाळीस वर्षं खोकल्याचं औषध विकलंय."

"म्हणूनच थोडं थांबा," ताई म्हणाली.

सुतार सतरा नंबरवर बसला होता. ताईनेच त्याला सगळ्यात मोठी चित्रं उघडायला सांगितलं होतं. "जिन्याखालचं कपाट," तो म्हणाला, "मग नाट्यगृहाचं छत. दोन वर्षांपूर्वीचं आहे, पण वजनदार आहे." तो एकेक उघडत राहिला. समितीने मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं, गळक्या नळावर चर्चा केली, चहा घेतला. साडेअकराला ग्रंथपालबाईंचे हात मांडीवर घट्ट बांधलेले होते. पंचवीस मिनिटं आणखी गेली. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं.

"आलं!" सुतार ओरडला.

सतरा नंबरच्या पडद्यावर लाल ओळ होती. शेजारचे एकवीस पडदे स्वच्छ. अध्यक्ष उठले, जवळ गेले आणि नाक पडद्याला लागेल इतकं वाकून मोठ्याने वाचू लागले. "यंत्र सतरा. चालू असताना कार्डच्या मेमरीत चूक. कार्ड बदला." ते सरळ झाले. "म्हणजे त्याला बोलता येतंय अजून."

"येतंय. दुखलं तरच बोलतो आता."

"हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"मला नाही, बाईंच्या वहीला माहीत होतं. मी फक्त वाचली."

अध्यक्षांनी वही मागून घेतली, खिडकीशी नेली आणि उजेडाकडे धरून चार पानं वाचली. मग आणखी चार. "सगळं ठीक आहे असं पत्र आलं असतं तर मी मानलं नसतं," ते पाठमोरे असतानाच म्हणाले. "एकेचाळीस वेळा घासलं?"

"दोन खोडरबर," वायरमन म्हणाला.

ताईने पिशवीतून नवं कार्ड काढलं. वायरमनने यंत्र बंद केलं, सतरा नंबरचं झाकण उघडलं, जुनं कार्ड काढलं आणि नवं हातात घेताच सवयीने खिशातून खोडरबर बाहेर आलं. खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने ते निमूट परत ठेवलं. सुताराला नाट्यगृहाचं छत पुन्हा पहिल्यापासून उघडावं लागलं. ते काही तो मनावर घेणारा माणूस नव्हता.

यंत्रं ठेवण्याचा ठराव दोन ओळींचा झाला. अध्यक्षांनी त्यात आणखी एक ओळ घातली: ग्रंथपालबाई निवृत्त झाल्यावर ही वही पुढच्या ग्रंथपालाकडे सोपवावी आणि तिच्यात लिहिणं चालू ठेवावं.

सोमवारी सकाळी कचेरीला जाताना ताई पाच मिनिटं वाचनालयात डोकावली. रविवारभर इमारत बंद होती आणि यंत्रं चांगली गार पडली होती. ग्रंथपालबाईंनी मेन स्विच चढवला आणि पेन हातात घेऊन टेबलाशी बसल्या. एकेक करत बावीस पडदे उजळले. त्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत फिरून आल्या, सतराशी जरा जास्त थांबल्या आणि परत येऊन वहीत तारीख घातली, वेळ घातली. मग पेन हवेत थांबलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं. "लिहायला काही नाहीच."

"तेच लिहा."

बाईंनी एक क्रमांकापुढे लिहिलं, "काही नाही." मग खाली पट्टी ठेवून, बावीसपर्यंत एकेका ओळीत, सारख्या अंतरावर, 'वरीलप्रमाणे' अशा अर्थाच्या दोन-दोन रेघा मारत गेल्या. त्यांना बिलकूल घाई नव्हती. दारात सुतार, दोन मुली आणि वर्तमानपत्रवाले म्हातारे आत यायची वाट बघत उभे होते.